रूफटॉपवर, अंगणात, रस्त्याकडेला जेवायला बसताना टेबल कसं निवडता?

कलतं_ऊन

मोकळ्या हवेत बसून खाण्यापिण्याची मला मनापासून आवड आहे. इमारतीच्या माथ्यावरचं रूफटॉप असो, मागच्या बाजूचं झाडांचं अंगण असो, नाहीतर फुटपाथलगत मांडलेली चार टेबलं असोत; आत कितीही छान जागा असली तरी माझे पाय बाहेरच वळतात. आभाळ दिसतं, दिवस मावळताना दिसतो, गप्पा आपोआप लांबतात. या विषयावर बोलणं निघालं की लोक लगेच कुठे जायचं ते सांगायला लागतात. मला बोलायचंय ते गेल्यावर कुठे बसायचं याबद्दल.

माझं मत असं की बाहेरची संध्याकाळ रंगणार की नाही हे त्या जागेच्या नावावर फार कमी ठरतं. कोणत्या खुर्चीत बसलात आणि किती वाजता बसलात, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. आणि आपण टेबल निवडतो ते फक्त दृश्य बघून. कठड्यालगतचं टेबल प्रत्येकाला हवं असतं. तिथे वारा सगळ्यात जास्त, बाजू पश्चिमेची असेल तर ऊनही सगळ्यात जास्त, आणि पाठीमागे सतत कुणीतरी ये-जा करत असतं. पहिली दहा मिनिटं फोटो काढण्यात मजेत जातात, मग कुणी डोळ्यांवर हात धरतं, कुणी ओढणी सावरत बसतं आणि बिल लवकर मागवलं जातं.

मी पोचले की आधी सूर्य कुठे आहे ते बघते. आकाशातली त्याची चाल तासाला १५ अंशांची. त्यामुळे आत्ता सावलीत असलेलं टेबल जेवण येईपर्यंत उन्हात जाऊ शकतं, आणि आत्ता तापलेलं टेबल अर्ध्या तासात शेजारच्या इमारतीच्या सावलीत जाऊ शकतं. बसण्याआधी सावलीची कड कुठल्या दिशेने सरकतेय एवढं पाहिलं तरी पुरतं. मोठ्या छत्र्यांवर फार भरवसा ठेवू नये. भर दुपारी त्या कामाच्या असतात, पण सूर्य खाली आला की ऊन छत्रीखालून आडवं शिरतं आणि छत्रीची सावली पडते ती तिसऱ्याच टेबलावर. तेव्हा उपयोगी पडते उभी आडोशाची गोष्ट: भिंत, वेल चढवलेली जाळी, बांबूचा पडदा.

दुसरं म्हणजे मी पाठीमागच्या भिंतीला तळवा लावून बघते. खरंच बघते. पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची किंवा काँक्रीटची भिंत दुपारभर ऊन पीत असते आणि सूर्य गेल्यावर काही तास ती उष्णता परत देत राहते. फरशीचंही तसंच. हवा गार झालेली असते, वारा असतो, तरी पोटऱ्यांना आणि पाठीला धग जाणवत राहते, आणि आपल्याला वाटतं की आज उकडतंयच फार. उन्हाळ्यात अशा भिंतीपासून लांब बसावं. थंडीत मात्र तीच भिंत शोधून काढावी, रात्री नऊपर्यंत ती पाठ शेकते. लाकडी तक्त्यांची जमीन किंवा कुंड्यांच्या रांगा असलेला कोपरा मिळाला तर तो लवकर निवतो.

आणि वेळ. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी बसलेलं असावं. उतरतं ऊन, मग रंग, मग संधिप्रकाश, मग दिवे, हे सगळं एकाच बैठकीत मिळतं. विषुववृत्ताच्या आसपासच्या शहरांत सूर्य बुडाल्यावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं, तिथे उशीर केला की गेलंच. उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात हाच उजेड तास-तासभर रेंगाळतो, तिथे सावकाश गेलं तरी चालतं.

तुम्ही काय बघता? वारा, डास, आवाज, खाणं, पिणं, मुलं, काहीही चालेल. अनुभवाचं लिहा.

नीलतारा

छान धागा. तळवा लावून बघायची कल्पना आवडली, उचलते आहे.

गच्चीवरचा_वारा

माझं कामच इमारतींच्या गच्च्या आणि मोकळ्या जागा आखायचं आहे, त्यामुळे वाऱ्यावर थोडं विस्ताराने लिहितो.

जमिनीपासून जसजसं वर जावं तसा वाऱ्याचा वेग वाढतो, कारण खाली झाडं, घरं, गाड्या त्याला अडवत असतात. खाली पान हलत नसेल त्या दिवशीही विसाव्या मजल्यावर चांगला वारा असू शकतो. त्यातही इमारतीचे कोपरे सगळ्यात वाईट. समोरून आलेला वारा भिंतीला अडला की कडेने वळसा घालून निघतो आणि वळताना त्याचा जोर वाढतो. कोपऱ्यातल्या टेबलावरून दोन्हीकडचं शहर दिसतं म्हणून तिथे झुंबड असते, आणि वारा नेमका तिथेच असतो.

कठड्यावर काच लावली की वारा थांबतो असं मालकांना वाटतं. अखंड काच वारा अडवते खरी, पण तो वरून उसळी घेऊन काचेच्या मागे भोवरा करतो. काचेला अगदी चिकटून बसलं तर ठीक, दोन टेबलं मागे बसलेल्यांचे केस मात्र उलट्या दिशेने उडतात. त्यापेक्षा साधारण निम्मी उघडी असलेली जाळी, दाट पानांच्या कुंड्या, पट्ट्यांचा पडदा चांगला. त्यातून थोडा वारा आरपार जातो, त्यामुळे मागे भोवरा जोर धरत नाही.

निवांत बसून खाण्याच्या जागेसाठी आम्ही साधारण सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटरच्या आतला वारा गृहीत धरतो. मोजायला यंत्र नको. बोफोर्टच्या मोजपट्टीत सुटे कागद उडायला लागतात ती चौथी पायरी, ताशी २० ते २८ किलोमीटरची. पेपर नॅपकिन ग्लासखाली ठेवल्याशिवाय राहत नसतील तर टेबल बदला, चर्चा करत बसू नका.

माझी आवडती जागा म्हणजे जिन्याची किंवा लिफ्टची खोली जिथे गच्चीवर येते तिच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट बाजूला. ही टेबलं शेवटी भरतात. पाठीला भिंत असते आणि दृश्यही फारसं कमी होत नाही, कारण बसल्यावर आपल्याला दिसतं ते बहुतेक आकाशच.

तिखटमीठ

दृश्याच्या बाबतीत मी सहमत नाही. वर चढून जायचं तेच मुळी शहर बघायला. आडोशाला भिंतीला पाठ लावूनच बसायचं असेल तर खालचं अंगण काय वाईट? मी वारा सोसेन, पण कठडा सोडणार नाही. जॅकेट बरोबर ठेवते.

खाण्याचं मात्र मी वेगळं ठरवते. वाऱ्यात गरम पदार्थ झपाट्याने निवतो, विशेषतः पसरट ताटलीतला आणि पातळ कापांचा. सूप रुंद प्लेटऐवजी मगमधून मिळत असेल तर तसं मागते. झाकणाच्या भांड्यात येणारं, जाड बुडाच्या तव्यावर येणारं बाहेर उत्तम टिकतं. हलकी पानं, वरून पेरलेली पूड, कागदासारखे पातळ पापुद्रे असलं काही वाऱ्यात मागवू नये, निम्मं शेजारच्या टेबलावर जातं.

आणि एक, उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून खायचे थंड पदार्थ, दुधाचे, अंड्याचे, मांसाचे, टेबलावर तासन्‌तास ठेवू नका. शिजवलेल्या अन्नाला बाहेर दोन तासांची मर्यादा सांगतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ती एका तासावर येते. गप्पांच्या नादात हे विसरायला होतं. एकदम सगळं मागवण्यापेक्षा थोडं थोडं मागवावं.

कलतं_ऊन

तिखटमीठ, पटतं. ज्याला शहर बघायचं आहे त्याने कठडाच घ्यावा. माझा मुद्दा एवढाच की तो जाणून घ्यावा, जॅकेटसकट. मी वर जाते ती आभाळासाठी, आणि आभाळ मधल्या टेबलावरूनही पुरेपूर दिसतं.

बर्फाचा_खडा

पिण्याबद्दल मी लिहितो, बारमागे बरीच वर्षं उभा राहिलो आहे.

दमट हवेत गार बाटलीवर जे पाणी सुटतं ते दिसायला सुंदर असतं, पण पेय गरम करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि ती थेट बाटलीत जाते. छोट्या कॅनवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर जमला तरी आतलं पेय जवळपास ५ अंशांनी चढतं. म्हणून दमट शहरात बाहेर बसताना बाटलीला घालायचं जाड कापडी किंवा रबरी कव्हर खरंच उपयोगी आहे, ते हवेला गार पृष्ठभागापर्यंत पोचूच देत नाही. कोरड्या शहरात त्याने तेवढा फरक पडत नाही.

फसफसणाऱ्या पेयाचं आणखी एक दुखणं. गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, शून्य अंशाला जेवढा राहतो त्याच्या निम्म्याच्या आसपास २० अंशाला. ग्लास कोमट झाला की बुडबुडे निघून जातात, मग ते बिअर असो की साधा सोडा. बाहेर बसताना मोठा ग्लास मागवू नका, लहान मागवा आणि दोनदा मागवा.

बर्फ मोठा मागा. एका मोठ्या खड्यापेक्षा तेवढ्याच वजनाच्या चुऱ्याचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो, त्यामुळे चुरा भराभर वितळून पेय पाणचट करतो. चुरा ज्या पेयात मुद्दाम घालतात ती पेयं लवकर संपवायची असतात, ती उन्हात तासभर धरून बसायची नाहीत.

वाइन घेत असाल तर दोन गोष्टी. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, ती खोली थंड प्रदेशातली, १६ ते १८ अंशांची. तिशीतल्या हवेत उघड्यावर ठेवलेली रेड नुसती अल्कोहोलसारखी लागते. वेटरला सांगून बाटली पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावा, संकोच करू नका. आणि वाऱ्यात वास उडून जातो, म्हणून उघड्या पसरट ग्लासपेक्षा तोंडाकडे निमुळता होत जाणारा ग्लास घ्या, धरा तो दांड्याला.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. थंडीत त्यामुळे ऊब वाटते, पण प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. उन्हात आधीच घामाने पाणी गेलेलं असतं, त्यात दारू लघवी वाढवते. प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी, आणि पहिलं पेय पाणीच. भर दुपारी रूफटॉपवर चक्कर आलेली माणसं मी पुरेशी सावरली आहेत.

नीलतारा

मी दारू घेत नाही. बाहेर बसल्यावर साध्या पेयांचे पर्याय दोनच असतात आणि तेही गोड, याचं वाईट वाटतं. काय मागावं?

बर्फाचा_खडा

लिंबूवर्गातलं, कडवट किंवा औषधी पानांचं, सोड्यावर बनवलेलं काहीतरी मागा. "गोड कमी, आंबट-कडू जास्त" एवढं सांगितलं तरी चांगला बारवाला खूश होऊन काहीतरी करून देतो. टॉनिकचं पाणी, लिंबाची साल आणि चुरडलेला पुदिना हे उन्हात सगळ्यात ताजं लागतं. गार केलेला बिनसाखरेचा चहाही बाहेर फार छान लागतो. गोड पेय उन्हात तहान भागवत नाही, आणि गांधीलमाश्या बोलावतं ते वेगळंच.

रातकिडा

गांधीलमाशीवरून आठवलं. गोड पेयाचा कॅन बाहेर उघडा ठेवू नका. माशी आत शिरते आणि बाहेरून दिसत नाही. काचेच्या ग्लासमध्ये ओतून प्या, आणि घोट घेण्याआधी एकदा आत बघा. घशात डंख बसणं ही गंभीर गोष्ट आहे.

डासांचं म्हणाल तर सगळ्यात चांगला उपाय पंखा. डास उडायला अगदी दुबळे असतात, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत ते येतात आणि पंखा तो वास विस्कटून टाकतो. पण डास बहुतेक पायांवर येतात, म्हणून पंखा टेबलाखालीही पोचेल असा फिरवून घ्यावा. निळ्या दिव्यांच्या तडतडणाऱ्या सापळ्यांवर माझा विश्वास नाही. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सापळ्यांत १३,७८९ किडे मेले, त्यातले चावणारे होते फक्त ३१. बाकी सगळे बिचारे निरुपद्रवी. दिवे पिवळसर असले तर किडे कमी येतात, पांढरे-निळे असले की जास्त. टेबल निवडताना पांढऱ्या दिव्याखालचं टाळा आणि पाणी साचलेल्या कुंडीजवळचंही.

तिसरा_मजला

मी रूफटॉपच्या पलीकडच्या इमारतीत राहते, तेव्हा आमची बाजूही मांडते.

तुम्ही वर बसता तेव्हा तुम्हाला आवाज फार वाटत नाही, कारण वर छत नसल्याने तो घुमत नाही, निघून जातो. तो जातो कुठे, तर आमच्या खिडकीत. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि आवाज वर न जाता खाली वाकतो, त्यामुळे दिवसा ऐकू न येणारं बोलणं रात्री शब्दन्‌शब्द ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपातल्या कार्यालयाने २००९ मध्ये रात्रीसाठी घराबाहेर सरासरी ४० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. एका टेबलावरची गप्पागोष्टीच त्याहून मोठी असते.

मला लोकांनी मजा करू नये असं अजिबात वाटत नाही. उलट संध्याकाळी समोरून हसण्याचे आवाज आले की बरं वाटतं, वस्ती जिवंत वाटते. त्रास होतो तो स्पीकरचा, त्यातही ठोक्यांचा. खालच्या पट्टीतला आवाज भिंती आणि काचा अडवू शकत नाहीत. आमच्या समोरच्या जागेशी आम्ही रहिवाशांनी बसून बोलणी केली. त्यांनी एका मोठ्या स्पीकरऐवजी बरेच लहान स्पीकर टेबलांजवळ लावले, खाली तोंड करून. आता बसलेल्यांना संगीत ऐकू येतं आणि आम्हाला नाही. हे करता येतं हे मला इथे मुद्दाम सांगायचं होतं. जाताना जिन्यात आणि पार्किंगमध्ये हळू बोललात तर आम्ही मनापासून आभारी राहू.

कलतं_ऊन

तिसरा_मजला, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. लहान स्पीकर जवळ असण्याचा बसणाऱ्यांनाही फायदा आहे. गोंगाटात गोड आणि खारट चवी कमी जाणवतात असं प्रयोगांत दिसलं आहे. चांगलं रांधलेलं अन्न दणदणाटात खाणं हा मला त्या स्वयंपाक्यावर अन्याय वाटतो. मी टेबल घेताना स्पीकर कुठे आहेत तेही बघते.

ट्रे_सांभाळणारा

सहा मजले ट्रे घेऊन चढउतार करणाऱ्यांच्या वतीने थोडं.

बाहेरच्या टेबलांवर सेवा आतल्यापेक्षा उशिरा मिळते, कारण स्वयंपाकघर बहुतेक वेळा खाली असतं आणि मालवाहू लिफ्ट एकच. एका वेळी विचार करून मागितलंत, पाणी-चटणी-जादा चमचा एकत्र सांगितलात, तर आमची एक फेरी वाचते आणि तुमचं जेवण गरम येतं. उन्हाळ्यात दुपारी आम्ही त्याच उन्हात सलग उभे असतो. एखादं गिऱ्हाईक "तुम्ही पाणी प्यायलात का?" असं विचारतं, ते दिवसभर लक्षात राहतं.

आणि टेबल स्वतः ओढू नका, आम्हाला सांगा. छत्रीचा जड पाया, वायर, उतार, पाण्याची जाळी, सगळं बघून ते मांडलेलं असतं. खुर्ची मात्र खुशाल सरकवा. न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये १९७० च्या दशकात माणसं कशी बसतात याची निरीक्षणं झाली होती, त्यात दिसलं की सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी हलवतोच, गरज नसली तरी. मी रोज हेच बघतो. कुणी इंचभर पुढे घेतं, कुणी मित्राकडे वळवतं, मग चेहरा सैलावतो. जमिनीला ठोकलेल्या बाकांवर माणसं तेवढी खुलत नाहीत.

चाकांची_वाट

माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो. आम्हा दोघांना बाहेर बसायला फार आवडतं, पण बरीच रूफटॉप "लिफ्ट आहे" म्हणतात आणि लिफ्ट शेवटच्या मजल्याच्या खालीच थांबते. वरचा एक जिना उरतो. फोनवर "लिफ्ट आहे का?" असं विचारण्याऐवजी "लिफ्टमधून बाहेर पडल्यावर टेबलापर्यंत एकही पायरी आहे का?" असं विचारायला आम्ही शिकलो. दुसरा प्रश्न स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. तिसरा, टेबलं उंच स्टूलवाली आहेत का. उंच टेबलाशी तो बसला की सगळ्यांची तोंडं वर आणि तो खाली, गप्पांतून तुटतो. गुडघे आत जातील असं नेहमीच्या उंचीचं, चारी कोपऱ्यांना पाय असलेलं टेबल लागतं. मधोमध जाड खांब असलेल्या टेबलाला पायाची पाटी अडते.

फुटपाथवरच्या टेबलांबद्दलही सांगते. २०२० मध्ये साथीच्या काळात न्यूयॉर्कसारख्या कितीतरी शहरांनी फुटपाथ आणि पार्किंगची जागा टेबलांना दिली, आणि त्यामुळे रस्ते किती सुंदर झाले हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पार्किंगच्या पट्ट्यात मांडलेली टेबलं मला जास्त आवडतात, कारण चालणाऱ्यांचा फुटपाथ तसाच राहतो. तुम्ही फुटपाथवर बसला असाल तर पिशव्या आणि खुर्चीचे पाय आत घ्या, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला ते आयत्या वेळी कळतात.

पिल्लांची_आई

मुलांबरोबर रूफटॉप जमतं, फक्त दोन गोष्टी पाळते. कठड्यापासून एक रांग सोडून बसते आणि कठड्याजवळ चढता येईल असं काही, खुर्ची, कुंडी, सोफा, आहे का ते आधी बघते. बऱ्याच ठिकाणी सोफे कठड्याला चिकटवून ठेवतात. सोफ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला तो कठडा कंबरेपर्यंतसुद्धा येत नाही. असं असेल तर मी सरळ सांगते आणि ते हलवून देतात. अंगणाच्या जागा मुलांसाठी मला उजव्या वाटतात. माती, पानं, मुंग्या असतात, मुलं टेबलाखाली रमतात आणि मोठ्यांचं जेवण शांत होतं.

गच्चीवरचा_वारा

पिल्लांची_आई यांच्याशी शंभर टक्के सहमत. कठड्याची उंची जमिनीपासून मोजतात, पण सोफा ठेवला की ती सोफ्याच्या बैठकीपासून मोजायला हवी. आणि कठड्यावर ग्लास, फोन ठेवू नये. खाली माणसं चालत असतात.

ढगांवर_नजर

विजेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिला गडगडाट ऐकू आला की रूफटॉप सोडायचा. ऐकू येतोय याचाच अर्थ वीज पोचेल एवढी जवळ आहे. छत्री, मांडव, उघडा पॅव्हेलियन यांत सुरक्षितता नाही, बंद इमारतीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग परत. पाऊस सुरू झालेला नसला तरी हे लागू आहे. "अजून थेंब नाही" म्हणून बसून राहिलेले लोक मी पाहिलेत.

बाकी पावसाआधीची ती वाऱ्याची झुळूक आणि काळं आभाळ बघायला अंगणाच्या कडेचा पक्का व्हरांडा शोधावा. छपराखाली बसून समोर पाऊस बघत गरम काहीतरी पिणं, याच्यासारखं सुख नाही.

शेकोटी

थंड शहरांत राहणाऱ्यांनी बाहेर बसणं सोडू नये. माझं तर मत आहे की थंडीतलं उघड्यावरचं जेवण जास्त जवळीक आणतं.

हीटर दोन तऱ्हांचे. एक हवा तापवतो, ती वाऱ्याबरोबर निघून जाते. दुसरा किरणांनी थेट अंगाला आणि टेबलाला ऊब देतो, तो बाहेर कामाचा. त्याच्या समोर बसावं, मागे काही उपयोग नाही. गॅसचा हीटर चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडलेल्या मांडवात असेल तर तिथे बसू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. फ्रान्सने २०२२ च्या वसंतापासून उघड्यावरचे हीटर बंदच केले, ऊर्जा वाया जाते म्हणून. मला तो निर्णय पटतो. पांघरूण, खुर्चीवर जाड गादी आणि पायाखाली चटई यांनी बहुतेक काम भागतं. गादी फार महत्त्वाची, धातूची खुर्ची अंगातली ऊब शोषून घेते.

उन्हाळ्यातल्या पाण्याच्या फवाऱ्यांचंही असंच बघून ठरवा. कोरड्या हवेत ते खरोखर गारवा देतात. दमट हवेत पाणी उडून जायला जागाच नसते, मग अंग चिकचिकतं आणि चष्मा भिजतो. तिथे नुसता पंखा बरा.

एकटीच

बाहेर एकटीने बसायला मला फार आवडतं. आत एकटं बसलं की सगळे बघतात असं वाटतं. बाहेर मात्र आपण रस्त्याकडे बघत असतो, त्याला कारण लागत नाही. मी फुटपाथलगतचं, भिंतीला पाठ असलेलं टेबल घेते, पुस्तक ठेवते आणि बहुतेक वेळा ते उघडत नाही. भाजीची पिशवी घेऊन चाललेली माणसं, सायकलवरचं पोर, समोरच्या दुकानाचं शटर खाली येताना. गर्दीच्या वेळी दोघांचं टेबल अडवायला नको म्हणून मी संध्याकाळी लवकर जाते, तेव्हा सगळे प्रेमाने बसू देतात.

मधली_फळी

एक मदत हवी होती. शनिवारी आजीला रूफटॉपवर घेऊन जायचंय. वय ऐंशीच्या पुढे, चालते पण हळू, वारा आणि झगझगीत उजेड सोसत नाही. तिला सूर्यास्त बघायचाय. आम्ही पाच जण आहोत. कुठलं टेबल मागू?

कलतं_ऊन

किती छान बेत! जिन्याच्या किंवा लिफ्टच्या खोलीची पूर्वेकडची बाजू मागा. संध्याकाळी तिथे सावली असते, आणि त्या भिंतीने दुपारचं ऊन घेतलेलं नसल्याने ती तापलेलीही नसते. सूर्य अगदी क्षितिजाला टेकला, डोळ्यांना सोसेल असा लाल झाला, की आजींना हात धरून पाच मिनिटं पश्चिमेच्या कठड्याशी न्या आणि परत आडोशाला आणा. हात असलेली, फार खोल नसलेली खुर्ची सांगून ठेवा, खोल सोफ्यातून त्यांना उठता येणार नाही. शाल घ्याच.

चाकांची_वाट

आणि लिफ्टनंतरच्या पायऱ्यांचं विचारा!

मधली_फळी

आत्ताच फोन केला. लिफ्ट थेट वरपर्यंत जाते, पायरी एकही नाही, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. पूर्वेच्या आडोशाला दोन टेबलं आहेत, ती सहसा कुणी मागत नाही म्हणाले. दोन्ही जोडून देणार आहेत, हाताच्या खुर्चीसकट. सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घेतली आहे, आजीला सावकाश चालता यावं म्हणून. स्पीकर कुठे आहेत तेही विचारलं, पलीकडच्या टोकाला आहेत. सगळ्यांचे आभार, रविवारी लिहिते कसं झालं ते.